रोज्यातलं बिस्कीट

११ फेब्रुवारी, अमरावती
नाजूच्या उशीच्या अभ्र्यातून पोळी निघाली. पोळी कसली, पापड झालेला. वर मुंग्या. अभ्रा बदलला. अम्मी, माझ्या सासूबाई, दारातून बघत होत्या. "कपाटाले कुलूप लाव शबाना. माही नात हाय तरी सांगतो, चोट्टी झाली ते."
लावणार नाही कुलूप. फार बोलायचं होतं, पण अम्मींची लेक गेली आहे, त्यांच्याशी काय भांडायचं.

१३ फेब्रु.
दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडे. म्हणाल्या, आई गेल्यावर जे पोर या घरून त्या घरी फिरतं, त्याचा विश्वास माणसावरून उडतो आणि भाकरीवर बसतो. तिला तिचा स्वतःचा डबा द्या, कायम भरलेला. जेवताना मागे लागू नका.
मागे लागू नका म्हणे! मी मास्तरीण, मागे लागणं हाच धंदा.
नाजू सात वर्षांची. तिची आई, म्हणजे सलीमची बहीण, गेली, मग वरूडला चुलत्याकडे, मग अकोल्याला बाप आणि त्याची नवी बायको, दिवाळीपासून आमच्याकडे. कधी ओकेपर्यंत खाते, कधी ताटाला हात लावत नाही. चोरून घेते, लपवते. मागत मात्र नाही. एकदा तरी म्हण गं, "मामी, भूक लागली." दुसरं काही नको मला.

१९ फेब्रु., पहिला रोजा
समजावलं: मोठी माणसं दिवसभर खात-पीत नाहीत, सूर्य मावळला की खातात. तू लहान, तू खा. तिनं मान हलवली. शाळेतून घरी आले तर नाजूबाई कणकेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून किती उरलं ते बघतेय.

२४ फेब्रु.
लपवणं वाढलं. पाव, भजी. दप्तरात शिरा! गणिताच्या वहीला तूप. सलीम हसला, मीही हसले. मग मोरीत जाऊन रडले.
सगळं घर उपाशी बसलेलं बघून या पोरीला काय वाटत असेल, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या हिशेबानं घरातलं संपलंय आणि आम्ही तिला सांगत नाही.

२ मार्च
डोकं ठणकत होतं. दुपारी पडले होते. ओठांना काहीतरी लागलं. नाजू. हातात बिस्कीट, तिच्या डब्यातलं.
"खा मामी. मी कोनाले सांगत नाही."
मला कुणी खाऊ देत नाही, असं वाटलं होतं तिला!
या पोरीनं आजवर कुणाला कण दिला नव्हता. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "रोजा हाय बेटा." तिचा चेहरा मिटला. हात मागे जायच्या आत बिस्कीट घेतलं. म्हटलं, "सांजेले खातो. तुह्यासमोर."
विश्वास बसला नसावा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली, नजर माझ्या मुठीवर. मी एका हातानं भजी तळली. कधी नाही ती अजानची एवढी वाट पाहिली. सगळ्यांनी खजूर उचलला, मी ते बिस्कीट. घामानं पार मऊ झालेलं. अम्मी म्हणाल्या, "खजूर सोडून हे काय वं?" मी चावत होते आणि नाजू माझे गाल बघत होती. गिळल्यावर तिनं स्वतःचं ताट ओढलं. बेतानं जेवली. कुणी मागे लागलं नाही.

३ मार्च
सकाळी वेणी घालताना: "कालचं पोटात हाय ना?"
"हाय ना."
"बरं."
दिवसभर वर्गात हसू येत होतं. पोरं म्हणे, बाई आज चिडून नाही राह्यल्या.

१४ मार्च
अकोल्याहून नाजूच्या वडिलांचा, दूल्हाभाईंचा फोन. "भाभी, ईद झाली का नाजूले घेऊन जातो. पोरगी माही हाय." खरं आहे, बाप आहे. मॅडम म्हणतात आता हलवू नका. तेही सांगितलं. "मॅडमच्या घरची हाय का ते?"
सलीम म्हणाला, मामा-मामी आपण, आपला हक्क काय? मी भांडले. त्याच्याशीच, तोच समोर होता.

२१ मार्च, ईद
शिरखुर्मा. दुसरी वाटी संपवून नाजू म्हणाली, "बास." मी आणि सलीम एकमेकांकडे बघत राहिलो. हिला बास म्हणता येतं!
परवा नेणार तिला.

२३ मार्च
गेली. ऑटोत बसताना वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिनं माझी ओढणी धरावी, रडावं, गोंधळ घालावा, असं वाटत होतं मला. गोंधळ मीच घातला, घरात येऊन. अम्मींनी पाणी दिलं. त्याही रडत होत्या.

२९ मार्च, रविवार
दुपारी ताटं घेतली आणि फोन. दूल्हाभाईंचा नंबर. पलीकडे नुसता श्वास. मग,
"मामी, भूक लागली."
आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू. मग कळलं, ती अकोल्यात आहे.
दूल्हाभाईंनी फोन घेतला. आवाज पार खचलेला. "ताट समोर हाय भाभी. दोघंबी इनंती करून राह्यलो. कालपासून हातच नाही लावून राह्यली. तुमचं आयकन ते, तुमी सांगा तिले जेवाले."
काय सांगू? जेव म्हटलं आणि जेवली, तर म्हणतील लागली सवय, राहू द्या इथंच. आणि जेवू नको कुठल्या तोंडानं म्हणू?
म्हटलं, "जेव बेटा."

सलीमनं गाडीची किल्ली घेतली आहे, खाली हॉर्न वाजवतोय. चपला घालूनच हे लिहितेय. आम्ही अकोल्याला पोचेपर्यंत तिनं जेवावं असं वाटतं. आणि जेवू नये असंही.