पाय रेषेच्या आतच होता

ती. गोदूताईंना,
नामदेव घड्याळवाल्याचा नमस्कार.

तुम्ही जाऊन महिना झाला. जिवंतपणी शेवटची पंधरा-वीस वर्षं मी तुमच्याशी बोललो नाही आणि आता पत्र लिहायला बसलो आहे, यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. "उशीर झाला का रे, घडीवाल्या?" म्हणाल. म्हणा. पण लिहिल्यावाचून इलाज नाही, कारण तुम्ही माझ्या वहीत एक ओळ खोटी लिहून ठेवली आहे आणि ती आता छापायला चालली आहे.

झालं असं, की आपल्या क्रीडा मंडळाची स्मरणिका निघते आहे. सेक्रेटरी दुकानात आले आणि म्हणाले, मुलींच्या खो-खो संघाची कामगिरी तुमच्याकडे आहे, तेवढी अर्ध्या पानात बसवून द्या. पुरुषांच्या कुस्त्यांना अकरा पानं, आणि तुमच्या मुलींना अर्धं! मी म्हटलं, अर्ध्या पानात नुसती गावांची नावं बसत नाहीत. ते म्हणाले, मग फक्त आकडे द्या, खेळले किती, जिंकले किती, हरले किती.

आकडे द्यायला मी वही उघडली, आणि अकोल्याच्या पानावर माझ्या अक्षराच्या मध्ये तुमचं अक्षर दिसलं. तेवढी एकच ओळ तुमच्या हातची आहे. तिच्यावर बोट ठेवलं की आजही माझं डोकं तापतं.

ताई, ही वही मी का ठेवली, ते आठवतं का? तुम्ही शाळेचं बंद पडलेलं स्टॉपवॉच घेऊन आला होतात. मी दुरुस्त केलं, आणि तुम्ही म्हणालात, आता वेळही तूच लाव, आमच्याकडे ज्याच्या हाती घड्याळ देते तो खेळच पाहत बसतो. मी चौथी पास माणूस. घड्याळं उघडून उघडून शिकलो, इंग्रजी कॅटलॉग चित्रांवरून वाचायला शिकलो. मला कुणी मैदानावर बोलावलं, ते पहिल्यांदाच. पालकांपैकी एकाने हरकत घेतली, मुलींच्या खेळात हा पुरुष कशाला. त्यांना तुम्ही दिलेलं उत्तर माझ्या बायकोने पुढे वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. "थो पोरीइकडे नाई पाहत," तुम्ही म्हणालात, "थो काट्याकडे पाहते."

खरंच पाहत होतो. कोण किती सेकंद पळाली, कोण कुठल्या खांबाजवळ बाद झाली, सगळं लिहीत होतो. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून तुमच्या मुली वऱ्हाडभर खेळल्या, आणि वलगावच्या जत्रेतल्या सामन्यापासून नागपूरच्या मैदानापर्यंत त्यांचा एक सेकंद माझ्या वहीतून सुटला नाही. गैरहजर मुलीचं कारण लिहायलाही मी रकाना आखला होता. तुम्ही त्यात दर वेळी "ताप" सांगायचात. एका महिन्यात पाच जणींना ताप आला, तेव्हा मी काळजीने क्विनाईनच्या गोळ्या आणून दिल्या आणि शाळेची पाण्याची टाकी झाकून ठेवा म्हणून तुम्हालाच सुनावलं. तुम्ही गोळ्या पिशवीत टाकल्यात आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणालात, "बरं झालं सांगितलंस."

आमच्या घरात सासू ना नणंद. महिन्याचे चार दिवस बायको बाजूला बसली की भात मीच टाकत होतो. वरणाला फोडणीही मीच देत होतो! आणि तुमच्या मुलींचा ताप कसला, हे मला कळलं नाही. हसलात ना तेव्हा? शाळेत जाऊन पोट धरून हसला असाल. एक शब्द सांगितला असता तर मी शहाणा झालो असतो.

आता अकोल्याचं. तुम्हाला पाठ असेल, तरी मी क्रमाने लिहितो, कारण तुमची सवय क्रम मोडायची.

अंतिम सामना होता. आपल्या मोजून नऊ मुली. दोघींची लग्नं ठरली होती, त्यांना घरच्यांनी पाठवलं नव्हतं. म्हणजे एकही राखीव नाही. जठारपेठेत तिघी-तिघी करून मुलींना लोकांच्या घरी उतरवलं होतं. शांता आणि आणखी दोघी वकिलांच्या घरी. (शांता हे तिचं खरं नाव नाही. हे पत्र उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, म्हणून इथे शांताच लिहितो. खरं नाव तुम्हाला ठाऊक आहे.) हे वकील स्पर्धेच्या समितीचे प्रमुख. सकाळी त्यांनी चषक आपल्या देवघरात ठेवला होता आणि घरी उतरलेल्या तिन्ही मुलींना आत नेऊन पाया पडायला लावलं होतं. ही गोष्ट तेव्हा मला माहीत होती, पण तिचा खेळाशी काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

शेवटच्या डावात आपण पळतो आहोत, एका गड्याने पुढे आहोत, मैदानात शांता एकटी उरली आहे आणि घड्याळात चाळीस सेकंद बाकी आहेत. ती बाद झाली तर बरोबरी. ते चाळीस सेकंद मी कसे मोजले ते माझं मला माहीत. अकोल्याच्या मुलीने सूर मारला, तेव्हा शांता कोपऱ्यात चुन्याच्या रेषेपासून वीतभर आत वळली. वीतभर! शिटी झाली. मुलींनी तिला उचललं. मी वहीत लिहिलं, अमरावती, एका गड्याने विजयी. खाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात वकील आणि वकिलीणबाई मैदान ओलांडून तुमच्याकडे आले. खांबापाशी तुमचं काही बोलणं झालं. दोन मिनिटं दहा सेकंद, कारण घड्याळ हातात चालूच राहिलं होतं. मग तुम्ही पंचांच्या टेबलाकडे आलात आणि म्हणालात, आमच्या मुलीचा पाय बाहेर गेला होता, मी पाहिलं, तिला बाद धरा.

ताई, खोटंच बोलायचं होतं तर निदान नियम पाहून बोलायचं! एक पाय बाहेर गेला तर कुणी बाद होतं का? दोन्ही पाय जावे लागतात. पंचांनीही तेच विचारलं, एक का दोन्ही? तुम्ही म्हणालात, दोन्ही. मी उठलो. म्हटलं, साफ खोटं. चुन्याला पाय लागला असता तर तळवा पांढरा झाला असता. शांते, पाय वर करून दाखव सगळ्यांना.

ती तुमच्या मागे उभी होती, दोन्ही पाय जुळवून, लुगडं मुठीत घट्ट धरून. ती रडायला लागली. मी पुन्हा म्हटलं, दाखव. तिसऱ्यांदाही म्हटलं.

बरोबरी धरून पंचांनी जादा डाव सांगितला, तर तुम्ही तोही नाकारलात. सामना सोडलात, अकोल्याला पुढे चाल दिलीत. आणि मला म्हणालात, "लिही नामदेवा, हारलो." मी लिहीना. तेव्हा तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत, माझी ओळ खोडलीत आणि स्वतः लिहिलंत. बडनेऱ्यापर्यंत गाडीत आपण समोरासमोर बसलो होतो. मी खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर येणं बंद केलं.

कारण विचारलं होतं मी. एकदा नाही, दोनदा. तुम्ही म्हणालात, काही गोष्टी घड्याळात मावत नाहीत. हे काय उत्तर झालं? मी सगळ्या अमरावतीला सांगत सुटलो, की या बाईने वकिलाच्या दबावाने मुलींचा चषक विकला. तुमच्या कानावर गेलंच असेल. तरी तुम्ही शाळेला जाताना रोज माझ्या दुकानासमोर थांबायचात, आतल्या भिंतीवरच्या घड्याळाला तुमचं मनगटी घड्याळ जुळवायचात आणि एक शब्द न बोलता निघून जायचात. मी मान वर करत नव्हतो. पण ते घड्याळ रस्त्याकडे तोंड करूनच टांगलेलं ठेवलं होतं, हेही लिहून ठेवतो.

तुम्ही गेलात त्या दिवशी आलो होतो. फाटकाशी उभा राहिलो. आत आलो नाही.

आणि मग परवा शांता दुकानात आली. तुमच्या घरी भेटायला म्हणून अचलपूरहून एसटीने आली होती. मी तिला ओळखलं नाही. अंगाने भरली आहे, केसात पांढरं दिसतं. तिने नाव सांगितलं आणि स्टुलावर बसली. तिची मोठी मुलगी आता शाळेच्या संघात खो-खो खेळते. कुणीतरी त्या पोरीला ऐकवलं, की तुझी आई अकोल्याला पाय बाहेर टाकून हरली होती, तू काय जिंकणार. पोर घरी येऊन आईशी भांडली.

"काका," शांता म्हणाली, "माहा पाय आतच होता ना?"

मी म्हटलं, वीतभर आत होता, हे मी तेव्हाच ओरडून सांगत होतो, तूच पाय दाखवला नाहीस.

तिने स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढलं. मग खाली पाहत म्हणाली, "मी त्या दिवशी बाजूला होती, काका."

मी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. एवढ्या एका वाक्याने माझी इतक्या वर्षांची बाजू ढासळली.

पुढचं तिनेच सांगितलं. सकाळी बाजूला झाल्याचं कळलं, तेव्हा ती विहिरीपाशी येऊन तुम्हाला म्हणाली, मी आता खेळत नाही. तुम्ही विचारलंत, पोट दुखते का. ती नाही म्हणाली. "मंग चाल," तुम्ही म्हणालात, "मैदान काही बाटत नाही." वकिलांच्या घरी परत गेली तर तिला देवघरात पाया पडायला नेलं; नाही कसं म्हणणार? सामना चालू असताना वकिलांच्या घरी कुणाला तरी तिचं डागाळलेल्या कपड्यांचं गाठोडं दिसलं. वकिलांचं म्हणणं एकच होतं. देवघर बाटलं, चषक बाटला. चषक इथेच सोडून गुमान जा, नाहीतर बक्षिसाच्या मांडवात तिचं नाव घेऊन सांगतो आणि तिच्या बापालाही कळवतो. सोळा वर्षांची पोर, अचलपूरची मंडळी तिला नुकतीच पाहून गेलेली.

गाडीत ती तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, हे मी पाहिलं होतं. तुम्ही तिला काय सांगत होतात, ते आता कळलं. तुम्ही म्हणालात, "हारल्यानं कोनाचं लगन मोडत नाई, पोरी."

आणि मी? मी भर मैदानात, शे-दोनशे माणसांसमोर त्या पोरीला म्हणत होतो, पाय वर कर.

पण ताई, मला का सांगितलं नाहीत? हेच मी शांतेला विचारलं. ती हसली. म्हणाली, मीच ताईंना म्हटलं होतं, घडीवाल्या काकाले सांगून टाका. "तर ताई म्हने, नोको. त्याले सांगितलं का थो वहीत लिहीन."

याचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे. दोन दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. कारण मी लिहिलं असतं. तारीख, वार, कारण, सगळं लिहिलं असतं आणि खाली रेघ मारली असती. तुम्ही मला बरोबर ओळखलंत आणि बदलायची एक संधीही दिली नाहीत. शाळेतल्या ढ मुलीला तुम्ही शंभर वेळा शिकवत होतात. मला एकदा शिकवून पाहायचं होतं.

सेक्रेटरींशी काल भांडलो. ते म्हणतात, अकोल्याच्या दप्तरी अकोला विजयी आहे, तुम्ही "हार" लिहा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, चषक अकोल्याला गेला हे खरं, तेही लिहितो. पण मैदानात अमरावती एका गड्याने जिंकली आणि शेवटची पळणारी शांता नाबाद राहिली, हेही खरं, आणि वेळ लावणारा अजून जिवंत आहे. दोन्ही ओळी छापा, नाहीतर माझी वही मिळणार नाही. बराच वेळ कुरकुरले. म्हणाले, लोक विचारतील, जिंकलात तर चषक का सोडला? म्हटलं, विचारू द्या. ते तयार झाले. शांतेलाही परवाच दोन्ही ओळी वाचून दाखवल्या होत्या. तिने आपलं नाव दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, पुरे, यापेक्षा एक अक्षर जास्त नको.

तर तुम्हाला वचन देतो. स्मरणिका निघाली की पहिली प्रत घेऊन मी अचलपूरला जाईन. त्या पोरीला समोर बसवून सांगेन, मी तिथे होतो, घड्याळ माझ्या हातात होतं, तुझी आई शिटी होईपर्यंत बाद झाली नाही. ती कारण विचारेलच. आईवर गेली असेल तर तीनदा विचारेल. मी सांगणार नाही. ते कारण मला पक्कं ठाऊक असेल, आणि तरी मी सांगणार नाही.

हे पाहायला तुम्ही थांबायला हवं होतं.

तुमच्यावर अजून रागावलेला,
नामदेव
अमरावती