कुंता नावाची मासोळी

२६ ऑक्टोबर, रविवार

नाही बदलणार! इथं लिहून ठेवते — नाव बदलणार नाही म्हणजे नाही!

सकाळ किती चांगली होती. मंडईचा दिवस, दिवाळीनंतरची गावची जत्रा. सारं अड्याळ पाहुण्यांनी भरलेलं, घरात वडे तळून राहिले होते. नणंद मेघा तुमसरहून आली, जावई आले, पोट्टे आले. मी कढईपाशी. मेघानं चप्पल काढली नाही तं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "वहिनी, हे का हाये?"

माझीच फ्लाय होती. नागपूरचा चंद्रकुमार गळ-रॉडचं दुकान चालवते, त्यानं फोटो टाकला होता. चांगला आला होता फोटो! फ्लाय म्हणजे दुसरं काही नाही — गळाले बकरीच्या शेपटीचे केस, चमकी, धागा बांधून केलेली खोटी मासोळी. पाण्यात ओढली का मरळले वाटते, बारीक मासोळी पळून राहिली. घालते झडप! मी बांधते, चंद्रकुमार विकते, शहरातले हौशी लोक घेते.

फोटोखाली नाव होतं. कुंता.

"वाच," मेघा म्हणे.

"तुम्हीच वाचा ना."

"मी कशी घेऊ? माह्या मायचं नाव हाये!"

मंग काय! आरडाओरडा. "माह्या मायच्या नावानं गळ इकून राहिली! लाज हाये का काही?" पोट्टे वडे खायचे थांबले. नवऱ्यानं मान खाली घातली, जसं काही वड्यातच सापडणार होतं उत्तर. अन् जिचं नाव, ते माझी सासू? डोक्यावरचा पदर सारखा केला अन् गोठ्यात निघून गेली.

वडे जळले. तेबी माझ्याच नावावर.

२७ ऑक्टोबर

डोकं थंड झालं. आता नीट लिहिते.

सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही, लेकरानं मायचं नाही, हे मले माहीत नाही का? लग्न झाल्यापासून आजवर तोंडातून काढलं नाही, सासूले 'आत्याबाई'च म्हणते. बँकेतल्या बाईनं विचारलं, "सासूचं नाव?" तं मी आधार कार्ड पुढं सरकवलं. नवऱ्यालेबी तोंडानं 'अहो'च म्हणते. इथं मंगेश लिहिते, इथं कोण ऐकून राहिलं!

पण फ्लायले नाव तं पाहिजे. एकाच मासोळीचे किती प्रकार होते. केस तेच, बांधायची तऱ्हा तीच. डोकं जड केलं का चाल बदलते, डोळे बदलले का मिजास बदलते. चंद्रकुमार नंबर टाकत होता — एक, दोन, तीन. मासोळीले कोणी नंबर देते का? मी माणसांचे नावं दिले. पाण्यावर फडफड करत जाते ते 'चंद्रभागा', आमच्या शेजारणीवरून. तिचं तोंड बंद होत नाही, फ्लायचंबी होत नाही. पांढरी, हळू, गिरकी घेत बुडते ते 'सुलोचना', शाळेतल्या बाईंवरून.

अन् ही तिसरी. डोक्याले शिसं बांधलं, लाल डोळे लावले, गळाचं टोक वरच्या अंगाले ठेवलं. टाकली का सरळ तळाले जाते. तिथं बसते. शेवाळात नाही अडकत, शिंगाड्याच्या वेलीत नाही अडकत. ओढली तं रागानं झटका देऊन उठते. आता हिचं नाव दुसरं काय ठेवू? पहिल्या दिवशीच वाटलं — हे तं आत्याबाई!

तोंडानं घेतलं नाही. कागदावर लिहून पाठवलं. त्यात पाप कोणतं?

अन् नावाचं एवढं सोवळं हाये, तं माझं नाव बदललं तेव्हा कुठं गेलं होतं? आंबागडले मी नीतू होती. माय नीतू म्हणे, शाळेत नीतू, बारावीच्या सर्टिफिकेटवर नीतू. मांडवात ताटात तांदूळ पसरले, मंगेशच्या हातात अंगठी दिली अन् लिहिलं — राखी. का तं म्हणे, मेघाच्या जावेचं नाव नीतू हाये, एका नात्यात दोन नीतू कायले. झालं! जेवायले बसले सारे. मले कोणी विचारलं? लाडू वाढताना कोणीतरी "राखी, राखी" म्हणत होतं, मी इकडंतिकडं पाहत होती का ही राखी कोण बाई!

२८ ऑक्टोबर

चंद्रभागाबाई आली. मले वाटलं, आता ही बी भांडते. तं म्हणे, "माह्या नावाची बी हाये म्हणते? दाखव व!" दिली एक. पदराले अडकवून सारा मोहल्ला फिरून आली — "नागपुरात चालते माहं नाव!"

पाहा. असंही माणूस असते.

३० ऑक्टोबर

आत्याबाई बोलत नाही. चहा देते पण कप असा आपटते का अर्धा बशीत.

३१ ऑक्टोबर

आज चंद्रकुमारचा फोन. आनंदातच होता. पुढच्या महिन्यात नागपूरले गळवाल्यांचा मेळावा हाये, तिथं ही मासोळी मांडणार. प्रत्येकीसंग एक छापील कार्ड. "पण ताई, नाव आपण 'रेड आय मिनो' करू."

"काहून?"

"कुंता म्हणजे काय, हे बाहेरच्या लोकांना समजणार नाही ना."

"रेड आय मिनो म्हणजे काय, हे मले समजलं का?"

हसला. वाईट माणूस नाही. पार्सल वेळेवर पाठवते, हुक चांगले देते. पण सवय पडून गेली हाये त्याले. स्वतःचं एवढं चांगलं नाव, चंद्रकुमार, त्याचं 'सीके' करून बसला!

मी म्हणलं, "नाव राहीन तं मासोळी राहीन. नाही तं दोन्ही परत पाठवा."

"ताई, रागावू नका. विचार करतो."

कर विचार. घरात एक भांडण चालू हाये, त्यात तुहीबी भर.

२ नोव्हेंबर, रविवार

बैठक झाली. मले बोलावून बसवलं! जसं काही मी धानाची गंजी पेटवली.

बुधराम मामाजी आले — माझे चुलत सासरे, आत्याबाईचे भासरे, म्हणजे मोठे दीर. सासरे गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तेच. मेघा तुमसरहून परत आली, फक्त याच्यासाठी. आत्याबाई दाराआड झिंगे निवडत बसली, भासऱ्यांसमोर कशी येईन? मंगेश खांबाले टेकून.

मामाजीनं सुरुवात केली. "मंगेशच्या मायचं जे नाव हाये, ते नाव..."

"कोणतं नाव?" मी विचारलं.

"तेच! जे तू ठेवलं!"

"मी तं तीन नावं ठेवले. कोणतं ते सांगा."

मामाजी थांबले. लहान भावाची बायको — भासऱ्यानं तिचं नाव कसं घ्यावं! मेघाकडं पाहिलं. मेघानं मंगेशकडं पाहिलं. मंगेशनं खांबाकडं. सारी बैठक ज्या नावासाठी भरली, ते नाव एकालेही घेता येईना! मले इतकं हसू आलं का पदर तोंडात कोंबला.

"हासते बी!" मेघा. "आमची माय माशाच्या तोंडात घातली, अन् हासते!"

"घराची इज्जत हाये का नाही?" मामाजी. "पुढच्या रविवारपर्यंत नाव बदल. नाही तं तो तुहा गळ पकडायचा शिकंजा, ते केस, ते रंगाच्या बाटल्या — सारं घराबाहेर."

मी म्हणलं, "माझं नाव बदललं तेव्हा माझ्या घरची इज्जत नाही गेली. गळाचं नाव ठेवलं तं तुमची जाते?"

आता मंगेश बोलीन काहीतरी, असं वाटलं. बोललाही. म्हणे, "चहा ठेव थोडा."

ठेवला नाही!

दाराआड झिंगे निवडणं थांबलं होतं. तेवढं ऐकू आलं मले.

३ नोव्हेंबर

शिकंजा, केस, बाटल्या, सारं उचलून गोठ्यात नेलं. घराबाहेर पाहिजे होतं ना? घ्या! झालं घराबाहेर!

५ नोव्हेंबर

गोठ्यात उजेड चांगला हाये, पडवीपेक्षा बरा. गायीच्या शेपटीनं एक बाटली सांडली, बाकी मजेत.

सकाळी शिकंज्यात हुक लावून बसली होती. आत्याबाई तणीस टाकायले आली. गायीले टाकलं. मंग गेली नाही, उभीच राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"डोये लाल काहून लावले?"

खोटं बोलावं वाटलं नाही. "तुमचे रागात होते तसे."

मले वाटलं, आता तणसाची पेंढी माझ्या डोक्यात. तिनं वाकून तयार मासोळी उचलली, तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी वर-खाली केली.

"जड हाये."

"डोक्यात शिसं हाये."

"हं. अन् अडकत नाही म्हनते?"

"कुठंच नाही अडकत, आत्याबाई. टोक वर हाये तिचं."

ठेवून दिली. सावकाश, गळ टोचू नये अशी. जाता जाता म्हणे, "एवढ्या लोकाइसमोर तोंड चालवू नाही बाईच्या जातीनं." पण आवाजात जोर नव्हता. कप आपटते तेव्हा जास्त असते.

मले खरं सांगायचं तं तिची भीती वाटते अन् ते मले आवडतेबी. सासरे गेले तेव्हा सारे म्हणत होते, आता ही खचते. तिसऱ्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन बाजारात मासे विकायले बसली. नाव काय तिच्या अपमानासाठी ठेवलं मी? पण हे सांगू कोणाले? बैठकीत सांगितलं असतं तं म्हणले असते, भ्याली म्हणून गोड बोलते.

७ नोव्हेंबर

चंद्रकुमार मानला! "ठीक आहे ताई, कुंता तर कुंता." कार्ड छापायले टाकले. फोन ठेवला अन् गोठ्यातच नाचली. गाय बिचकली.

८ नोव्हेंबर, शनिवार

असं झालं का लिहितानाही हात थांबत नाही!

मंगेश सकाळी तलावावर गेला. जातानी गुपचूप माझ्या डब्यातली एक 'कुंता' घेऊन गेला. मले विचारलंही नाही. माझ्यासंग बोलत नाही, पण मासोळी पाहिजे! चंद्रकुमारनं दिलेला रॉडही नेला. पाळीवर, तलावाच्या बांधावर, बुधराम मामाजी बसले होते, मच्छीमार सोसायटीचे लोक जाळं सुकवून राहिले होते. यानं फेकली शिंगाड्याच्या कडेले. बसली तळाले. ओढली, अन् जो झटका बसला! मरळ! हाताएवढी जाड मरळ! रॉड वाकला, हा चिखलात गुडघ्यापर्यंत, अन् सारं भान सोडून ओरडला —

"कुंता! कुंतानं धरली रे! अरे पाहा, कुंतानं धरली!"

साऱ्या तलावाले ऐकू गेलं. पोटच्या पोरानं मायचं नाव, तेबी भर पाळीवर, बोंब मारून! जीभ चावली तोपर्यंत लोक पोट धरून हासून राहिले होते. मामाजी उठले, धोतर झटकलं, घराकडं निघाले.

हे सारं चंद्रभागाबाईनं सांगितलं. दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा सांगायले लावलं.

मंगेश मरळ घेऊन आला तं कान लाल. मी चहा ठेवला. साखर जास्त टाकली.

९ नोव्हेंबर, रविवार

जिंकली!

मामाजी आलेच नाही. निरोप पाठवला — "तुमच्या घरचं तुम्ही पाहा." मेघाचा फोन आला, मंगेशनं घेतला. मी बाजूलेच उभी होती. म्हणे, "राहू दे व मेघा. नाव चांगलं हाये. मासोळी बी चांगली हाये." आपला नवरा! खांबाले न टेकता बोलला!

आत्याबाई मरळीचे तुकडे करून राहिली होती. म्हणे, "झालं का तुमचं सगळ्यायचं?" बस. हसली नाही, रागावली नाही. मले वाटलं होतं, एखादा शब्द बोलीन. तिच्याच नावासाठी एवढी भांडली मी. थोडं टोचलं.

जाऊ दे. नाव राहिलं! उद्या कार्ड येते छापून.

१० नोव्हेंबर

सकाळी आत्याबाई गोठ्यात आली. पालथ्या पाटीवर बसली, माझ्यासमोर. म्हणे, "तू एवढी भांडली. कोनी भांडलं नोहोतं माह्यासाठी. पर ते माहं नाव नोहोय."

मले समजलंच नाही.

"कुंता या घरच्यायनं ठेवलं. लग्नात, तांदुळात लिवून. कोनी इचारलं नाही." डब्यातली मासोळी उचलली. "माहेरी मी गुलाब होती."

मंग पुन्हा म्हणाली, एकटीशीच. "गुलाब."

चंद्रकुमारले फोन केला. नाव बदला म्हणलं. तो ओरडला — "ताई, कार्ड छापून आले! तुम्हीच तर म्हणत होता, बदलणार नाही म्हणजे नाही!" म्हणलं, फेकून द्या ते कार्ड. नवं लिहून घ्या, मी सांगते तसं.

आत्याबाई ऐकत बसली होती. फोन ठेवला तं म्हणे, "तुहं का होतं व, आंबागडचं?"

सांगितलं.

उठली, गायीपाशी गेली. मी हुक शिकंज्यात लावून राहिली होती, तं तिकडून हाक आली —

"नीतू, बादली आन."