एकाच धातूची जोडवी

देवळाली प्रवरा, रविवार

चि. श्रीमंत यास रतनआक्काचा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? शेकतोस का नुसताच कण्हतोस? आम्ही इकडं बरे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपर्यंतच, अक्षर लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे.

तू तुझी लेक संस्कृती माझ्याकडं पाठवलीस ती लग्नाला तयार करायला. ती आली पुण्याहून अभ्यास घेऊन. अभ्यास काय, तर आपलं बैलाचं जू, इंग्रजांचं योक, रोमच्या जुन्या लोकांचं युगुम, असली भावंडं शेजारी शेजारी बसवायची आणि तोंडावळ्यावरून त्यांचा पणजा कसा होता ते ठरवायचं. पणज्याला म्हणतात धातू. (तांबं-पितळ नव्हे. क्रियापदाचं मूळ. मलाही दोनदा विचारावं लागलं.) हा पणजा कुणी कधी लिहून ठेवलेला नाही, म्हणून त्याच्या कपाळावर चांदणी काढतात. न पाहिलेल्या माणसाचं एवढं कौतुक मी तर ऐकलं नव्हतं.

गावात आता बैल कुठले, घरोघरी ट्रॅक्टर. तरी शेजारच्या बन्सीमामांच्या गोठ्यातून तिनं एक जू उपसून काढलं आणि आणून ठेवलं कुठं, तर माझ्या सोफ्यावर. त्याच दिवशी तू पाठवलेले अकोल्याचे पाहुणे तिला बघायला आले. मुलाच्या आईनं विचारलं, "हे काय वो?" झालं! पोह्यांचं ताट हातात तसंच, आणि पोरगी सुरू. जू, जोत, जुंपणं, योग, सगळं एका दमात. शेवटी म्हणते, "काकू, तुमच्या पायातली जोडवी आणि हे जू बहुतेक एकाच धातूचे आहेत." (बहुतेक म्हणाली होती. ते कुणी ऐकलंच नाही.)

बाई उसळल्या. "अगं, हे लाकूड हाय! माझी जोडवी चांदीची हायेत, लग्नातली!" त्यावर त्यांचे मालक खाली वाकून जोडवी निरखायला लागले. "बघता काय? तुमच्याच आईनं घातलेली!" "म्हनूनच बघतोय," मालक म्हणाले. मग त्या दोघांतच जी जुंपली! (जुंपली हा पण त्याच धातूचा, असं पोरीनं तेवढ्यात सांगून घेतलं.)

तर स्थळ गेलं. माझ्या नावानं बोंबलू नको. कंबरेला तेल लाव, पोराबाळांना पापा दे.

तुझी आक्का

ता.क. वरचं सगळं खरं आहे, पण स्थळ त्यानं गेलं नाही. पोरीनं धातूचा अर्थ नीट सांगितला तेव्हा बाई पोट धरून हसल्या, मुलगी पसंत म्हणाल्या. मग पोहे खाता खाता म्हणाल्या, "लगीन झाल्यावर मात्र हे शब्दांचं येड बंद बरं का." जिचं तोंड दिवसभर मिटत नाही ती आपली पोरगी खाली बघून गप्प बसली. ते मला बघवलं नाही. "चहा झाला असंल तर निघा," हे मी म्हणाले.

ता.क. दुसरं. तिला पुण्यात अजून दोन वर्षं शिकायचंय, तुला सांगायला भिते. हो म्हणायचं असेल तर तिला फोन कर. नाही म्हणायचं असेल तर इथं ये आणि माझ्या तोंडावर म्हण.