शुक्रवारी नाही पाठवलंत तरी चालेल

१ डिसें., सोम.

शाळेत समितीची बैठक. अकराची होती, सुरू बाराला. मी, रेखा (जुईच्या वर्गातल्या तन्मयची आई, यंदाची अध्यक्ष), मुख्याध्यापक भोईर सर आणि जुईच्या बाई. बाकीचे सदस्य नंतर येऊन सह्या करतात.

पुढच्या शुक्रवारी, १२ला, तपासणी. बाहेरच्या केंद्रातले, म्हणजे दुसऱ्या शाळागटातले, तिघे येणार आणि शाळेला श्रेणी देणार. त्याआधी शाळेने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे, प्रत्येक मुद्द्याला फोटो जोडायचा. ते येऊन फक्त खात्री करणार.

हात धुण्याची जागा, पूर्ण गुण. बोलक्या भिंती (अक्षरं, पाढे रंगवलेल्या), पूर्ण. परसबागेशी सर थांबले.

"रेखाताई, तुमच्या वाडीतली चार वांगी, चार मिरच्या गोणीत घालून आणाल का? शुक्रवारपुरती."

"आनते. पन परत नेईन हा सर, फळाला आलीत ती."

चहूबाजूंनी केळी, नारळ, चाफा. आणि शाळेच्या बागेला वांगी उसनी.

मग वाचन. 'दुसरीची सर्व मुले जोडून वाचतात.' सरांनी पूर्ण गुण टाकले. मी म्हटलं, सर, माझी जुई दुसरीतच आहे, तिला येत नाही.

"येईल हो मॅडम. शुक्रवारपर्यंत चिकार वेळ आहे."

बाई खाली बघत होत्या. कागद माझ्यासमोर आला. सही केली.

का केली? सगळे उठायच्या घाईत होते म्हणून? चहा गार होत होता म्हणून?

२ डिसें., मंगळ.

जुईला घेऊन बसले. क. म. ळ. तिन्ही अक्षरं ठणठणीत. मग म्हटलं, आता एकत्र म्हण. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चित्र बघून म्हणाली, "फूल."

रागावले. नको होतं रागवायला.

संध्याकाळी ती बाहुल्यांची शाळा घेत होती. पट्टी नाही, खडू नाही. हातात माझा जुना बंद मोबाइल. "गप्प बसा रे, लिंक भरतेय! एकाचा आवाज आला तर बघा." बाहुल्या गप्प. पाच मिनिटं ती नुसतं बोट फिरवत होती. हसू आलं, मग नाही आलं.

सुहास दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "तुझ्या मराठीच्या हौसेपायी आपली पोरगी मागे राहतेय." विरारच्या त्या इंग्रजी शाळेत तो चौकशी करून आलाय. जागा आहे, ३१पर्यंत कळवायचं, जूनपासून तिसरीत.

४ डिसें., गुरु.

आमच्या बिल्डिंगसमोर सकाळी सात पिवळ्या बस लागतात. जुई एकटीच पायी शाळेत जाते. बायका विचारतात, "तुम्ही एवढ्या लिहिणाऱ्या, आणि झेडपीत घातलीत?" आधी याचं उत्तर देताना मान ताठ असायची. फेब्रुवारीत वाचनालयात मराठी शाळांवर भाषणसुद्धा ठोकलं. टाळ्या पडल्या होत्या.

खरं कारण भाषणात नव्हतंच. जुई नर्सरीत वर्षभर एक अक्षर बोलली नाही. घरी पोपट, तिथे दगड. तिथल्या लोकांनी मला दोनदा बोलावून 'स्पेशल केस' म्हणून सांगितलं. मग इकडे आणली. पहिल्या दिवशी ती बाकाखाली जाऊन बसली. बाईपण साडी सावरत बाकाखाली शिरल्या. दोघींनी तिथेच डबा खाल्ला म्हणे. आठव्या दिवशी रेखाचा तन्मय घरी सांगत होता, "ती नवीन मुलगी किती बोलते गं!"

याला गुण कुठे द्यायचे? त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. पण वाचनाला रकाना आहे, आणि तो खोटा भरलाय, खाली माझी सही.

८ डिसें., सोम.

दुपारी बाईंचा मेसेज.

'नमस्कार ताई. शुक्रवारी जुईला नाही पाठवलंत तरी चालेल. हजेरी नंतर लागेल. काळजी नसावी. 🙏'

तीन वेळा वाचला. त्या हात जोडण्याचं काय करायचं तेच कळेना.

९ डिसें., मंगळ.

रेखाकडे गेले. वाडीत होती, पानवेलीला पाणी सोडत. तन्मयलाही तोच मेसेज, आणि पहिलीतल्या एका जुळ्या जोडीला.

"मग पाठवणार नाहीस?"

"अध्यक्ष मी. माज्याच पोराने वाचलं नाय तर तोंड काय दाखवू? त्याला सांगितलंय, बावखलावर, तळ्याकाठी खेळ दिवसभर." मग हळूच, "तुमचं बरंय. तुमाला दुसरी शाळा मिळेल. ही बंद झाली तर आमी कुठे जानार? पट एकवीस आहे. वीसच्या खाली कधी जातो ते बघतच बसलेत वरचे."

तिथून शाळेत. मधली सुट्टी. बाई वर्गात, एका हातात डब्यातली पोळी, दुसऱ्या हातात मोबाइल. त्या खानदेशातल्या, इथे आठ वर्षं. पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत त्यांच्याकडे. चौथी सरांकडे, पण सर आठवड्यातले तीन दिवस तालुक्याला मीटिंगला, म्हणजे चौथीसुद्धा बाईंकडे.

म्हटलं, बाई, माझ्या मुलीला लपवायचं का?

"ताई, तो मेसेज टाइप करताना माझा हात चालत नव्हता." पोळी डब्यात ठेवली. "जुईला जोडून येईल. तिचं फक्त तिथे अडकलंय. रोज वीस मिनिटं तिला एकटीला घेऊन बसले ना, तर महिन्यात वाचेल. लिहून देते तुम्हाला. पण ती वीस मिनिटं कुठून आणू? सकाळपासून माहिती भरायच्या चार लिंक आल्यात. हात धुतानाचे फोटो काल पाठवले तर म्हणे त्यात जागेचं नाव दिसत नाही, परत काढा. पोरांनी परत हात धुतले."

घरी येताना मात्र वाटेत ठरवलं, पाठवायचं. माझ्या मुलीला लपवायचं नाही. फार बरं वाटलं स्वतःविषयी. हे मुद्दाम लिहून ठेवते.

१२ डिसें., शुक्र.

जुईला पाठवलं. मीच घेऊन गेले. दारात बाईंनी आम्हाला पाहिलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा... मग तिच्या रिबिनी नीट केल्या आणि आत नेलं.

अकराला तिघे आले, दोन सर आणि जांभळ्या साडीतल्या एक बाई. शहाळी झाली. फायली झाल्या. परसबागेशी उभं राहून फोटो झाले. रेखाची वांगी खरंच सुंदर होती.

"पट एकवीस, हजर अठरा?" त्यांच्यातल्या एका सरांनी विचारलं.

"तापाची साथ आहे ना, सर," भोईर सर म्हणाले.

खिडकीतून बावखलाचा काठ दिसतो. तिथे तीन मुलं पाण्यावर दगडाच्या चकत्या मारत होती. एकाच्या अंगात शाळेचाच शर्ट.

"ती कुठली मुलं?"

"ती... मोठ्या शाळेची असतील."

रेखा माझ्याशेजारी उभी होती. शर्टातला तिचाच. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मग जांभळ्या साडीतल्या बाई वर्गात शिरल्या. "कोण वाचून दाखवणार?" चार हात वर. त्यात जुईचा सगळ्यात उंच. ती नेहमीच हात वर करते, येवो न येवो. त्यांनी तिलाच उभं केलं.

"वाच बाळा."

"मला सुटं सुटं येतं. जोडून नाही येत."

"का गं?"

"बाई रोज म्हणतात, दुपारी आपण दोघी बसू. मग लिंक येते."

वर्ग हसला. त्या बाईसुद्धा हसल्या, "प्रामाणिक आहे हं," म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. आमच्या बाई हसल्या नाहीत. जुई मात्र खुशीत खाली बसली, बरोबर उत्तर दिल्यासारखी. दिलंच होतं.

१३ डिसें., शनि.

सारखं तेच डोळ्यांसमोर. मला धडा शिकवायचा होता तो कुणाला? सरांना, फॉर्मला, ज्यांनी तो फॉर्म काढला त्यांना. लागलं कुणाला.

सुहासला सांगितलं. तो म्हणाला, "मग बरोबरच बोलली की ती." हो. म्हणूनच तर लागलं.

१६ डिसें., मंगळ.

निकाल आला. शाळेला 'अ' श्रेणी! सरांनी पेढे वाटले. मला दोन दिले.

हात धुण्याची जागा उत्तम. परसबाग आदर्श. अभिलेखे अद्ययावत. आणि शेवटी शेरा, 'दुसरीच्या वर्गशिक्षिकेचा अध्यापनाबाबत लेखी खुलासा घ्यावा.'

वांगी नसलेल्या बागेला पूर्ण गुण. चार वर्ग ओढणाऱ्या एका बाईला खुलासा. सरांना म्हटलं, हे चुकीचं आहे, समितीने कळवायला हवं. ते म्हणाले, "मॅडम, श्रेणी मिळालीय ना? आता कशाला हलवायचं?" पेढ्याचा कागद हातात चुरगाळला गेला. इतका राग मला फार वर्षांत आला नव्हता, आणि निम्मा माझ्यावरच होता.

रेखा वांगी परत घेऊन गेली. एका गोणीतलं रोप बकरीने खाल्लं होतं. "सरांना बोला, बकरीचापन खुलासा घ्या," म्हणाली.

१८ डिसें., गुरु.

बाई बोलत नाहीत. म्हणजे बोलतात. "हो ताई." "नाही ताई." "चालेल ताई." जुईशी मात्र पहिल्यासारख्याच. आज तिच्या वेणीत अबोलीचा गजरा होता. विचारलं तर, "बाईंनी त्यांचा अर्धा दिला."

२२ डिसें., सोम.

बाईंचा फोन. आधी दोन मिनिटं जुईचा खोकला वगैरे. मग, "ताई, खुलासा दिलाय मी. पण सर म्हणतात, एखाद्या पालकाचं पत्र जोडलं तर बरं. तुम्ही लिहिता. तुम्ही द्याल का लिहून? जे वाटतं तेच लिहा. खोटं नको."

हो म्हटलं लगेच. फोन ठेवल्यावर जाणवलं, इतक्या वर्षांत कुणी मला इतकं अवघड काही लिहायला सांगितलं नाही.

२४ डिसें., बुध.

गावात घराघरांवर नाताळचे तारे लागलेत. जुई तन्मयबरोबर कुणाच्या तरी गोठ्याच्या देखाव्याला गवत पुरवायला गेली ती अंधार पडेपर्यंत तिकडेच. येऊन सांगत होती, "मी सगळ्यांशी बोलले. मेंढ्या कुठे ठेवायच्या ते मीच सांगितलं."

पत्राचे तीन खर्डे फाडले. एकात बाई देवी झाल्या, एकात मी. एक तक्रार अर्ज झाला.

२७ डिसें., शनि.

झालं पत्र. दीड पान. बाकाखालचा डबा लिहिला. चार वर्ग लिहिले. जुईला अजून जोडून वाचता येत नाही, तेही लिहिलं. तिला एकटीला घेऊन बसायची वीस मिनिटं बाईंना मिळत नाहीत, ती मिळाली तर ती वाचेल असा माझा विश्वास आहे, असं लिहिलं. बैठकीत वाचनाच्या मुद्द्याखाली सही मीही केली होती, तेही लिहिलं.

सुहासने वाचलं. "चांगलंय," म्हणाला. मग पत्र टेबलावर ठेवत, "३१ला कळवायचंय त्या शाळेत. कळवू ना?"

"पत्र देऊन येते, मग बोलू."

"पत्राचा आणि त्याचा काय संबंध?"

३० डिसें., मंगळ.

हे शाळेच्या ऑफिसात बसून लिहितेय. वही पर्समध्ये होती म्हणून. सर तालुक्याला गेलेत.

बाईंनी पत्र उभ्यानेच वाचलं. बाकाखालच्या डब्याशी आल्या तेव्हा खुर्ची ओढून बसल्या. शेवटपर्यंत वाचून घडी घातली, परत उघडली.

"खूप खरं लिहिलंत, ताई." जरा थांबून, "खाली एकच ओळ टाकाल? माझी मुलगी पुढच्या वर्षीही याच शाळेत, याच बाईंकडे शिकेल. एवढं असलं ना, की वरच्या सगळ्याला वजन येईल. नाहीतर साहेब म्हणतील, एवढं कौतुक करतात आणि पोरगी काढून नेतात."

सुहासने चौकशी केल्याचं त्यांना माहीत असेल? गावात काय लपतं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्यांनी माझ्यासमोर पत्र सरकवलं, वर पेन ठेवलं.

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी बघितलं, आणि टेबलाच्या खणात टाकून खण लावला.

"घाई नाही. मधल्या सुट्टीपर्यंत लिहा. मी जुईला घेऊन बसते तोवर."

गेल्या. खणात मोबाइल दोनदा थरथरला. मधल्या सुट्टीला अजून पंधरा मिनिटं. तीन खर्डे फाडून का होईना, दीड पान झालं होतं. ही एक ओळ. लिहिली आणि जूनमध्ये मोडली, तर मी त्या फॉर्मपेक्षा वेगळी कशी? नाही लिहिली, तर वरचं दीड पान काय होतं? आणि लिहून पाळली, आणि जुईला नाहीच आलं वाचायला...

भिंतीपलीकडे दोघींचा आवाज येतोय. बाई म्हणतात, मग जुई म्हणते. शब्द कळत नाहीत, नुसती चाल कळते. एक अक्षर. थांबणं. दुसरं अक्षर. थांबणं.

आता थांबणं जरा लांबलंय.