घरचंच माणूस

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितोय. भावोजी पाच दिवस अतिदक्षता विभागात होते ते माझ्यामुळे. लघवीत जंतू आहेत का, याचा रिपोर्ट यायचा होता. मी थांबलो नाही. दुर्बिणीतून मुतखडा फोडताना आतलं पाणी गढूळ झालं, काही दिसेना. तिथेच थांबायचं, तर मी सलाइनची पिशवी आणखी वर चढवायला लावली. दाब वाढला आणि खड्यातले जंतू रक्तात गेले. एका खेपेत सगळा खडा काढतो, अशी तुझ्यापुढे फुशारकी मारली होती ना!

परक्या पेशंटला मी असं केलं नसतं गं. सिस्टर ऑपरेशनआधीची प्रश्नांची यादी वाचायला लागल्या, तेव्हा घरचंच माणूस आहे, पुढे चला, असं मीच हसत म्हणालो.

एक तुकडा आत राहिलाय. तो दुसऱ्या डॉक्टरांकडून काढून घ्या. लोभ मागायचा हक्क उरलाय का, कोण जाणे.

तुझा
धाकटा

१० जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सगळा गुन्हा एकट्याच्या डोक्यावर घेऊन मोकळा झालास, लहानपणी फुटलेल्या बरणीचा घेतला होतास तसा. बरणी तेव्हाही मीच फोडली होती, बाबा.

आदल्या दिवशी ह्यांना कणकण होती. सकाळी तापाची गोळी मी दिली. ह्यांना सुट्टी मोठ्या मिनतवारीने मिळालेली, तारीख पुढे गेली असती. यादीत तापाचा प्रश्न असणार हे मला ठाऊक होतं. ह्यांना काही विचारलं की हे माझ्याकडेच बघतात, म्हणजे उत्तर मलाच द्यायचं. तू पुढे चला म्हणालास आणि शपथेवर सांगते, मला हायसं वाटलं. पाच दिवस काचेबाहेर बसून तेच आठवत होते. गोळी कसली होती ते ह्यांना अजून माहीत नाही. आज सांगते.

दुसऱ्या खेपेला हात तूच लावायचास. मेव्हण्याने अर्धवट सोडलेलं काम मेव्हण्यानेच पुरं करावं, असं ह्यांचं म्हणणं. फक्त यादी वाचतील तेव्हा तू दाराबाहेर राहा. तू समोर असलास की खरं बोलायला माझी जीभ रेटत नाही.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे.

ताई

१४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी नीट पोचलात ना? भावोजींची सुट्टी पुन्हा वाया गेली. म्हणावं, शिव्या पोस्टाने पाठवा.

या वेळी रिपोर्ट हातात होता, स्वच्छ होता. सलाइनच्या दांड्यावर लाल पट्टी चिकटवली आहे. पिशवी तिच्या वर न्यायची नाही, मी ओरडलो तरी. खडा संपो न संपो, तासाभरात थांबायचं, हेही सिस्टरांना सांगून ठेवलंय. सगळं तयार होतं आणि मी दाराबाहेर उभा होतो. तापाचा प्रश्न आला. मी दाराला कान लावला. मग तुझं हो ऐकू आलं, काल संध्याकाळी अंग तापलं होतं म्हणून.

तुम्हाला परत पाठवलं आणि डबा उघडला. दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. खडा अजून आतच आहे.

लोभ आता हक्काने मागतो.

तुझा
धाकटा