कावळा पानाला शिवेना

खारी, भाईंदर पूर्व
ता. ९ डिसेंबर १९७४

ती. गोदूताईस,

परशाचा नमस्कार. इथे सगळे खुशाल, निदान दिसायला तरी. तुझे गुडघे कसे आहेत?

तू सदूबरोबर पाठवलेले नारळ पोचले. पोचले म्हणजे घरात. माझ्या पानात नाही. डॉक्टर म्हणे बोलले, रक्तात चरबी फार, कोलेस्टेरॉल की काय ते. 'म्हणे' अशासाठी, की गेल्या वर्षी रिपोर्ट आणायला माझी कृष्णा आणि सुलू, सासू-सुनाच गेल्या होत्या. पुढे कृष्णा वारली, आणि डॉक्टरांचं बोलणं एकट्या सुनेच्या तोंडी उरलं. तूप बंद, खोबरं बंद. उठल्याउठल्या भिजवलेली मेथी, कच्ची लसूण, मग मिठागराच्या बांधावरून फेरी. मेथी गिळताना मी शाळेतली एखादी कविता मनात म्हणतो. कडूपणा दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकतो.

मला संशय आला, ताई. परवा शेजारच्या धर्माजीकडे तुझेच नारळ दिसले. नाथाला विचारलं तर म्हणतो, "बाबा, ते सुलूला विचारा." पोरगा बायकोच्या पदराआड. मी मनाशी म्हटलं, माझं तोंड बांधून हिने गावजेवण मांडलंय.

काल कृष्णेचं वर्षश्राद्ध झालं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, तिच्या आवडीचं पान परसात ठेवलं. कावळे कुंपणावर बसून राहिले, शिवेनात. नाथाने हात जोडून सांगितलं, पोरांना शिकवीन. नाही. मी म्हटलं, तुझी तुळस सुकू देणार नाही. तरी नाही. एवढा संसार केला आणि तिचा जीव कशात अडकलाय ते मला सुचेना. लहानपणी पाठांतर करताना अडायचो, तसा उभा राहिलो. तेव्हा तू चुलीपाशी बसून ओळ पुरवायचीस. तू तर शाळेतही गेली नव्हतीस.

मग सुलू पुढे झाली. हळूच म्हणाली, "आई, मामंजींना नारळ-तूप देणार नाही. माझ्यावर रागावले, संशय घेतला, तरी देणार नाही. तुम्हाला शब्द दिलाय."

कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.

आता दुसराच संशय छळतोय. कृष्णेने तो शब्द सुनेकडून घेतला, माझ्याकडून का नाही? उत्तर मला ठाऊक आहे, ताई. तुलाही असेल.

यापुढे नारळ पाठवू नकोस. पाठवलेस तर सुलू वाटून टाकील, आणि मी विचारणार नाही. आज मेथी कवितेवाचून गिळली.

तुझा, अडलेली ओळ उशिरा कळलेला,
परशा