पायाच्या मुंग्या

आई, गुलमंडीच्या खोलीवरून रामहरीचा तुला दंडवत.

तुला फोनवर ऐकू येत नाय, म्हणून लिहितो. सृष्टी वाचून दाखवील. शेरडं कोण चारतंय? काठी घेऊनच चालतीस ना?

माझी कंबर लई हलकी झाली. दवाखान्यात डोक्याला ओल्या पट्ट्या बांधून बारीक करंट सोडतात आन् त्याच वेळी जागची न हलणारी सायकल मारायला लावतात. पाहून हसशील. डोक्यात जरा मुंग्या येतात, एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणतात, मेंदूला दुखण्याची सवय जडलीय, ती मोडायची.

डाव्या पायाला यायच्या त्या मुंग्याही थांबल्या. कापसावर चालल्यागत वाटतं.

सृष्टे, आता पुढचं मनातल्या मनात वाच. आजीला म्हण, बाबांनी पाया पडतो लिहिलंय.

सकाळी चप्पल घालायला वाकलो, तर डावी टाच फाटलेली आन् तिच्यावर तांबड्या मुंग्यांची रांग. खऱ्या मुंग्या, पोरी. चावून चावून टाच सुजली होती, मला पत्ताच नाय. डॉक्टरीणबाई कंबरेवर एवढ्या खूश, की अजून सांगायचं धाडस झालं नाय.

आजीनं विचारलं, दुखणं गेलं का, तर व्हय म्हण. खोटं नाय ते.

तुझा बाप